गाण्यांच्या वेस्टर्नला मराठी सबटायटल: ‘कॅलॅमिटी जेन’ हाताशी धरून

हौसेने केलेल्या मराठी सबटायटलच्या फाइली माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकींचं दुखणं एकच असतं. इंग्रजी सबटायटलची फाइल उघडली, ओळीखाली ओळ मराठी करत गेले आणि सगळं झाल्यावर पिक्चर लावून एकदा पाहिला. मराठी शुद्ध असतं, अर्थ बरोबर असतो आणि हॉलमध्ये कोणी हसत नाही. गंभीर सिनेमात हे खपून जातं. विनोद आणि गाणी दोन्ही असली की खपत नाही, कारण तिथे ओळ कधी दिसते आणि कधी जाते यावर अर्धा खेळ असतो.

उदाहरणाला १९५३चा ‘कॅलॅमिटी जेन’ घेतो. वॉर्नर ब्रदर्सचा सिनेमा, दिग्दर्शक डेव्हिड बटलर, डॉरिस डे आणि हॉवर्ड कील, लांबी १०१ मिनिटं. अमेरिकेत डाकोटातल्या डेडवुड गावात कॅलॅम ही बंदूकवाली, बढाईखोर पोरगी घोडागाडीची राखण करते. गावातल्या सलूनच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, मालकाची फजिती झाली म्हणून ती थेट शिकागोला जाऊन प्रसिद्ध नटी अ‍ॅडलेड अ‍ॅडम्सला घेऊन यायचा पण करते. घेऊन येते ती त्या नटीची मोलकरीण केटी. पुढे दोघी एकाच लेफ्टनंटच्या प्रेमात पडतात. एवढी गोष्ट माहीत असली की खालचं सगळं कळेल.

## १. आधी प्रत नक्की करा

फाइल लिहायला घेण्याआधी तुमच्याकडची प्रत किती मिनिटांची आहे ते बघा. १०१च्या आसपास असेल तर ठीक. ९७ दिसत असेल तर दृश्यं कापलेली नाहीत. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) सिनेमा २५च्या वेगाने पळवलेला असतो, त्यामुळे तो लवकर संपतो. या दोन प्रतींच्या वेळा एकमेकींना जुळत नाहीत. तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या ओळी दोन सेकंद पुढे सरकवणं. सुरुवातीला जुळल्यासारखं वाटतं, अर्ध्या तासाने पुन्हा बिनसतं. फरक वाढत जाणारा असेल तर सरकवून उपयोग नाही, वेग बदलावा लागतो. ‘सबटायटल एडिट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग बदलायची सोय आहे, ती वापरा.

तपासा: सुरुवातीचं एक वाक्य आणि शेवटच्या दहा मिनिटांतलं एक वाक्य. दोन्ही ओठांशी जुळली तरच पुढे जा.

हक्कांचंही इथेच बघून घ्या. सिनेमा जुना आहे म्हणून सगळं मोकळं झालं असं समजू नका. गीतकार पॉल फ्रान्सिस वेब्स्टर १९८४ साली गेले, आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या पश्चात ६० वर्षं हक्क राहतात. घरच्या माणसांसाठी करताय तर करा. चार लोकांना बोलावून खेळ लावायचा असेल, किंवा फाइल वाटायची असेल, तर आधी परवानगी.

## २. कीबोर्ड बाजूला ठेवून दोनदा बघा

हा टप्पा सगळे गाळतात.

पहिल्यांदा नुसता बघा आणि तुम्ही कुठे हसलात तेवढी वेळ कागदावर टिपा. कशाला हसलात ते लिहू नका, मिनिट आणि सेकंद पुरे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. आता त्या टिपलेल्या जागांपैकी किती जागी आवाजाशिवायही हसू येतं? त्या जागा चित्राच्या. तिथे सबटायटलने गप्प बसायचं असतं. उरलेल्या जागा शब्दांच्या, तिथे तुमचं काम.

उदाहरणार्थ, गावातला नेमबाज वाइल्ड बिल हिकॉक (हॉवर्ड कील) पैज लावतो, की अ‍ॅडलेड अ‍ॅडम्स इथल्या रंगमंचावर उभी राहिली तर मी सू या मूळ अमेरिकन जमातीच्या बाईच्या वेशात, पाठीला पोर बांधून येईन. नंतर तो खरोखर तसा येऊन बसतो. पैजेचं वाक्य शब्दांचं आहे, तिथे एकही तपशील गाळून चालणार नाही. ‘बाईच्या वेशात येईन’ एवढंच लिहून पोर गाळलंत, तर पुढे पाठीवरचं पोर बघून प्रेक्षक गोंधळेल. आणि तो येतो ती जागा चित्राची. त्या क्षणी खाली मोठं वाक्य असेल तर डोळे खाली जातात आणि हशा निम्मा होतो.

## ३. वही: नावं, तू-तुम्ही, आला-आली

आता एक वही करा. फाइलीतली पहिली ओळ लिहायच्या आधी ती भरलेली हवी. गाणी आणि विनोद यांच्यानंतर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

नावं. ‘कॅलॅमिटी’चा अर्थ आपत्ती. मला आलेल्या एका फाइलीत गावातले लोक तिला ‘आपत्ती जेन’ म्हणत होते. नाव ते नावच राहू द्या. लोक तिला ‘कॅलॅम’ अशी हाक मारतात, ती तशीच ठेवा. ओळही आखूड होते.

एक गंमत मात्र हातची घालवू नका. कॅलॅम शिकागोचा उच्चार वेडावाकडा करते, ‘शिकागी’. तिच्या तोंडी कायम ‘शिकागी’ लिहा आणि बाकी सगळ्यांच्या तोंडी ‘शिकागो’. एका वेलांटीवर काम होतं. आपल्या पट्टीच्या मुद्रितशोधकाने ‘दुरुस्त’ केलं की विनोद गेला, म्हणून वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

तू-तुम्ही. इंग्रजीत एकच सर्वनाम आहे, त्यामुळे हा निर्णय पूर्णपणे तुमचा. माझी मांडणी अशी: कॅलॅम गावात सगळ्यांना अरेतुरे करते, सलूनचा मालक हेन्री मिलरलासुद्धा. बिल आणि ती पहिल्यापासून एकमेकांना तू म्हणतात, कारण त्यांची भांडणं जुन्या ओळखीतली आहेत. केटी शहरातली, परकी. ती कॅलॅमला आधी तुम्ही म्हणते. मग ती कॅलॅमच्या केबिनमध्ये राहायला जाते, दोघी मिळून ती कळकट जागा झाडून पुसून रंगवतात आणि दारावर दोघींची नावं येतात. तिथून पुढे तू.

असा बदल नेहमी पडद्यावर दिसणाऱ्या घटनेला बांधा. मधेच कुठे तरी तुम्हीचं तू झालं की प्रेक्षकाला ती छपाईची चूक वाटते.

आला-आली. आपलं क्रियापद लिंग सांगतं, इंग्रजी सांगत नाही. या सिनेमात ते नाजूक आहे. सलूनवाल्याने फ्रान्सिस फ्रायर नावाच्या नटीची जाहिरात केलेली असते आणि गाडीतून उतरतो तो पुरुष. इंग्रजीत बाईचं आणि पुरुषाचं नाव उच्चाराला सारखं, फरक एका अक्षराचा. देवनागरीत ते अक्षर दिसणारच नाही. पण क्रियापद आपल्या मदतीला येतं: तो समोर येईपर्यंत त्याच्याबद्दल बोलताना कटाक्षाने स्त्रीलिंगी लिहा. माझ्या पहिल्या फाइलीत फ्रायरबद्दलच्या एका वाक्यात मी सवयीने पुल्लिंगी क्रियापद टाकलं होतं. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, “म्हणजे तो पुरुष आहे ना?” गाडी अजून यायची होती.

याच फ्रायरला मिलर बाईचे कपडे घालून रंगमंचावर उभा करतो, आणि गाता गाता टोप निघून बिंग फुटतं. इथे ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द हाताशी येतो, पण तो टाळा. आपल्याकडे त्या शब्दामागे बालगंधर्वांची सगळी पुण्याई आहे. डेडवुडचे लोक चिडतात ते फसवणुकीवर.

आणि कॅलॅम स्वतःबद्दल काय म्हणते, ‘मी आलो’ की ‘मी आले’? ती पुरुषी कपड्यात वावरते म्हणून काही जण ‘आलो’ लिहितात. मला ते पटत नाही. ती स्वतःला पुरुष म्हणवत नाही, फक्त बाईसारखं कसं वागायचं याची तिला फिकीर नाही. ‘मी आले’च ठेवा, आणि रांगडेपणा वाक्याच्या आखूडपणात येऊ द्या.

इशारा: तिच्या गावरान इंग्रजीसाठी वऱ्हाडी, मालवणी किंवा कोल्हापुरी बोली घेऊ नका. बोली आली की गाव आलं, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे डेडवुडऐवजी अकोला उभं राहतं. बोलीभाषकाला त्यात आपली टिंगल दिसते ती वेगळीच. साधं बोलण्यातलं प्रमाण मराठी, ‘च्यायला’, ‘काय सांगतोस’, ‘चल फूट’, एवढ्यावर तिचं छान भागतं.

## ४. वेळा आधी, शब्द नंतर

सगळ्या ओळींच्या जागा आधी पाडून घ्या, रिकाम्या. कोण केव्हा बोलायला लागतं, केव्हा थांबतं. मजकूर नंतर त्या मापात बसवायचा. उलटं केलं की आपल्याला आपलं वाक्य आवडलेलं असतं, आणि ते बसवण्यासाठी आपण वेळ ताणत जातो.

मी पाळतो ती मापं:

- एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी.
- एका ओळीत ३५च्या आत अक्षरं. सर्वसाधारण मर्यादा ४२ धरतात, पण हा सिनेमा जुन्या, जवळजवळ चौकोनी मापाचा आहे. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि लांब ओळ त्या पट्ट्यांत शिरते.
- एका सेकंदाला दोन ते अडीच शब्द. दोन भरगच्च ओळींना ६ सेकंद.
- कितीही छोटा शब्द असला तरी १ सेकंद, आणि काहीही झालं तरी ७ सेकंदांपेक्षा जास्त नाही.
- दोन सबटायटलांमध्ये निदान दोन चौकटींची मोकळी जागा. नाही तर ओळ बदलली हेच कळत नाही.
- दृश्य बदललं की ओळ जावी. कट ओलांडून राहिली तर माणूस तीच ओळ पुन्हा वाचायला लागतो.

विनोदासाठी याहून महत्त्वाचा नियम: वाक्याचा शेंडा वेगळा काढा. ‘मी एवढं केलं, तेवढं केलं, आणि मग घोडा विसरले’ हे एकाच वेळी पडद्यावर आलं, तर वाचणारा माणूस बोलणाऱ्याच्या आधी शेवटाला पोचतो. हॉल आधी हसतो आणि पडद्यावरचा माणूस मग विनोद करतो. ‘आणि मग घोडा विसरले’ हे वेगळं सबटायटल करा आणि ओठ हलल्यावरच आणा.

तपासा: टप्पा २मध्ये टिपलेल्या हशाच्या प्रत्येक जागी जाऊन बघा. ओळ ओठांच्या आधी दिसते का?

## ५. आता गाणी. संवादांच्या आधी

गाणी शेवटी ठेवायची सवय असते, अवघड म्हणून. उलट करा. गाण्यांतले शब्द संवादात परत येतात, आणि कॅलॅमची जीभ कशी चालते हे पहिल्याच गाण्यात ठरतं. ते एकदा सापडलं की संवाद झरझर होतात.

पण सगळी गाणी एका मापाने करायची नाहीत. प्रत्येक गाण्यापुढे वहीत लिहा: हे गाणं बंद केलं तर गोष्टीतलं काय बुडेल?

गोष्ट सांगणारी गाणी. सुरुवातीचं घोडागाडीचं गाणं घ्या. कॅलॅम कोण, गाव कुठलं, गाडीची वाट गाव का बघतं, हे सगळं तिथेच सांगून होतं. पूर्ण करावं लागतं. पण चाल वेगाची, शब्द दाट. इथे ओळीला ओळ द्यायला गेलात तर प्रेक्षक गाणं बघणार नाही, नुसता वाचत बसेल. दोन गायलेल्या ओळींची मिळून एक लिहा. गाडीत काय काय सामान आहे याची यादी असेल तर दोन ठसठशीत वस्तू ठेवा, बाकीच्या सोडा. चाबकाचा आवाज काढणारा ध्रुवपदाचा तुकडा तर अजिबात लिहू नका. तो कानाला कळतो.

भांडणाचं गाणं. बिल आणि कॅलॅम एकमेकांना ‘तुझ्यावाचून माझं काही अडत नाही’ असं ठणकावतात ते. सगळ्या सिनेमात यमक जुळवायचा अट्टाहास करावा असं हेच एक गाणं आहे, कारण टोला यमकावर बसतो. एरवी यमकाच्या मागे लागू नका. मुद्दा कळावा म्हणून मी रचलेला नमुना देतो, मूळ ओळींचा हा अनुवाद नाही:

‘तुझ्यावाचून माझं कधी अडलंय का?’
‘माझ्या घोड्याचं तरी पान हललंय का?’

पहिली ओळ त्याची, दुसरी तिची. दोन्ही एकत्र पडद्यावर आणू नका. यमक असलेल्या जोडीतली दुसरी ओळ आधी वाचली गेली तर टोला हवेत जातो.

शहराचं गाणं. शिकागोहून परतल्यावर कॅलॅम गावकऱ्यांपुढे तिथल्या थाटामाटाच्या गमजा मारते. इंग्रजीत शिकागोचं टोपणनाव वाऱ्यावरून आहे, आणि गाण्याच्या पहिल्याच ओळीत वाऱ्यासारखं उडत येण्यावर कोटी आहे. ‘वादळी शहर’ असं लिहिलेली फाइल मी पाहिली आहे, त्यातून कोणाला काहीच कळत नाही. आपल्याकडे शहराचं वारं लागतं! ‘शिकागीचं वारं लागलंय मला’ म्हटलं की वारा आला, मिजास आली, तिची वेलांटीसुद्धा आली. अशी जागा दर गाण्यात सापडत नाही. सापडली की तिथे तासभर घालवा, आणि नाही सापडली तर कोटी सोडून अर्थ द्या. ओढूनताणून केलेली कोटी मात्र नको.

निसर्गाचं गाणं. छावणीवरच्या नाचाला जाताना सगळे ब्लॅक हिल्सचं गाणं गातात. शब्द थोडे, पुनरावृत्ती भरपूर. पहिल्यांदा येणाऱ्या ओळी लिहा, त्याच ओळी परत आल्या की पडदा कोरा ठेवा. प्रेक्षकाला गाणं ऐकू येतंय, डोंगर दिसतायत. संवादात मी ‘ब्लॅक हिल्स’ ठेवतो कारण ते ठिकाणाचं नाव आहे, पण या गाण्यात ‘काळे डोंगर’ लिहितो. घरच्या ओढीचं गाणं आहे, तिथे नकाशावरचं नाव कोरडं पडतं.

मनातलं गाणं. ‘सीक्रेट लव्ह’ला ऑस्कर मिळालं, म्हणून लोक सगळ्यात आधी तेच करायला घेतात आणि सगळ्यात जास्त अलंकारिक करून ठेवतात. ‘हृदयाच्या गाभाऱ्यात’, ‘गूढ प्रीत’ वगैरे. अहो, ही तीच बंदूकवाली मुलगी आहे. तिने आयुष्यात गाभारा हा शब्द वापरला नसता. तिच्याच बोलण्यातले साधे शब्द ठेवा. बदलला तो आवाज, शब्दसंग्रह नाही. इथे अडचण वेगाच्या गाण्यांच्या उलट असते: सूर लांब, शब्द कमी. एकच ओळ सात सेकंदांच्या पुढे जायला लागते. मग ती श्वासावर तोडा. गायिका जिथे श्वास घेते तिथे ओळ जाऊ दे, पुढच्या शब्दावर पुढची येऊ दे. संगीतकार सॅमी फेनची चाल तुम्हाला जागा दाखवतेच.

इशारा: गाणी ओळखू यावीत म्हणून इंग्रजीत तिरपी अक्षरं वापरतात. देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो. ओळीच्या सुरुवातीला संगीताचं छोटं चिन्ह द्या, तेवढं पुरतं.

## ६. संवाद: शब्द सोडा, काम पकडा

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण वही आणि गाणी नीट झाली असतील तर निम्मं झालेलं असतं. तीन जागा मात्र जवळून बघू.

पहिली, सरबताची. दारूच्या गुत्त्यात कॅलॅम दणदणत येते, शौर्याच्या बाता मारते आणि मागवते काय, तर सार्सापरिला, म्हणजे मुळांच्या अर्काचं गोड पेय. आपल्याकडच्या उपळसरीला, म्हणजे अनंतमुळाला, इंग्रजीत भारतीय सार्सापरिलाच म्हणतात. म्हणून एका उत्साही मित्राने ‘अनंतमुळाचा अर्क’ लिहिलं. वनस्पतिशास्त्राच्या जवळ, पण पडद्यावर असं वाटतं की हिचं पोट बिघडलंय. विनोद एवढाच आहे की एवढी मर्दानी आणि दारू पीत नाही. ‘सरबत दे रे!’ तीन शब्द. झालं.

दुसरी जागा सू लोकांबद्दलच्या शब्दांची. १९५३च्या हॉलीवूडने मूळ अमेरिकन लोकांसाठी वापरलेले शब्द आज टोचतात. ते गुळगुळीत करून लपवू नका, आणि आपल्या पदरचा जास्तीचा तिखटपणाही घालू नका. पात्र तुच्छतेने बोलत असेल तर तुच्छता वाक्याच्या सुरात येऊ द्या. जमातीचं नाव घेतलं असेल तर ‘सू’ लिहा. आपल्याकडच्या कुठल्याही जमातीचं नाव उदाहरणासारखं चिकटवू नका.

तिसरी जागा गोळीची, आणि ही खरी फसवी आहे. चिडलेली कॅलॅम केटीला गाव सोडायची धमकी देते. केटी बंदूक मागून घेते आणि कॅलॅमलाच पेला धरून उभं राहायला सांगते. गोळी सुटते, पेला हातातून उडतो. ती गोळी बिलने झाडलेली असते, कॅलॅमला हे नंतर कळतं. ज्यांना ऐकू येत नाही अशांसाठी तुम्ही आवाजांच्या नोंदी देत असाल तर इथे ‘केटी गोळी झाडते’ लिहून बसाल, आणि ते चूक ठरेल. नोंद फक्त ‘गोळीचा आवाज’. त्या आधीची संवादाची ओळ गोळी सुटायच्या पूर्ण एक सेकंद आधी पडद्यावरून गेलेली हवी. तो शांत सेकंद दिग्दर्शकाचा आहे, तुमचा नव्हे.

आणि कंसात टिपा नकोत. खरा हिकॉक १८७६ साली याच डेडवुडमध्ये पत्ते खेळताना मारला गेला, सिनेमात मात्र त्याचं लग्न होतं, हे प्रेक्षकाला लग्नाच्या दृश्यात सांगायची गरज नसते. मी असं केलेलं आहे. लग्नात कोणी मयताची आठवण काढावी तसं वाटलं सगळ्यांना.

## ७. फाइल आणि अक्षरं

इतकी मेहनत करून पडद्यावर चौकोनी डबे दिसतात, भलतीच अक्षरं येतात किंवा ओळच गायब होते, ते बहुतेक वेळा या चारपैकी एका कारणाने:

- फाइल साठवताना यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) निवडलेलं नसतं. एसआरटी, म्हणजे सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, नव्याने साठवताना तो पर्याय निवडा.
- मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.
- वेळेचे आकडे देवनागरी टाकलेले असतात. मजकुरात १, २, ३ चालतील. वेळेच्या ओळीत इंग्रजीच आकडे लागतात, आणि सेकंदांनंतर स्वल्पविराम, टिंब नव्हे. एक टिंब चुकलं तर काही प्लेअर ती ओळ मुकाट्याने गिळतात.
- टीव्हीत देवनागरी फाँटच नसतो, किंवा असतो पण जोडाक्षरं सुटी दाखवतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर टाकतो.

शेवटच्या रोगाला फाइलीत औषध नाही. लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडा आणि व्हीएलसी या प्लेअरवर लावा, किंवा ‘हँडब्रेक’ हे सॉफ्टवेअर वापरून सबटायटल चित्रातच कायमचं उमटवून घ्या. कायमचं म्हणजे कायमचं, नंतर एक काना बदलता येत नाही. त्यामुळे हे पुढचा टप्पा झाल्यावरच.

फाँट ठळक घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ चांगले. दोन ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत आणि रफारांत अडकतात.

इशारा: काळे पट्टे घालवण्यासाठी टीव्हीवर चित्र ताणू किंवा झूम करू नका. झूम केलं की वरून टोप्या कापल्या जातात आणि चित्रात उमटवलेलं सबटायटल असेल तर खालची ओळही.

## ८. इंग्रजी न येणारं एक माणूस

स्वतः तपासून चालत नाही. तुम्हाला संवाद पाठ झालेले असतात, त्यामुळे ओळ वाचायच्या आधीच तुम्हाला ती ‘वाचता’ येते. इंग्रजी अजिबात न येणारं, पण सिनेमाची आवड असलेलं एक माणूस शोधा. माझ्याकडे मावशी आहे, वय ७४, चष्मा जाड.

तिच्याकडे बघत बसा, पडद्याकडे नाही. काय बघायचं: डोळे सतत खालीच आहेत का? तर ओळी लांब आहेत. मान थोडी पुढे येते का? अक्षरं बारीक किंवा फिकी आहेत. “काय म्हणाली?” असं विचारलं, तर तिथली वेळ टिपा, पण लगेच समजावून सांगू नका. समजावलंत की पुढचा तपास वाया गेला. सरबताला मावशी हसली. ‘शिकागी’ला पहिल्यांदा नाही हसली, तिला ती माझीच चूक वाटली. म्हणून मी त्या ओळीच्या आसपासच दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी ‘शिकागो’ दिसेल असं केलं, एरवी त्या जागी मी नुसतं ‘तिकडे’ लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला हसली.

तिच्या अडलेल्या जागा दुरुस्त झाल्या की फाइलीला सिनेमाच्या फाइलीचंच नाव द्या, अक्षर न अक्षर तेच, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. प्लेअर ती आपोआप उचलतो. खेळाच्या दिवशी अर्धा तास आधी त्याच खोलीत, त्याच टीव्हीवर घोडागाडीचं पहिलं गाणं लावून बघा. ओळी किंचित मागेपुढे वाटल्या तर व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी त्या थोड्याथोड्या सरकवता येतात. आणि मागच्या रांगेत जाऊन बसा, पुढच्या माणसाच्या डोक्यामुळे खालची ओळ दिसत नसेल तर टीव्हीखाली पाट घाला.